वाऱ्याचे दिवस

मी मुळातच संशयी. ही तक्रार नाही, पोटापाण्याचा धंदाच तसा आहे. एखादी इमारत बांधायला किती खर्च येईल आणि किती दिवस लागतील, हे ती बांधायच्या आधी सांगायचं, ही माझी नोकरी. त्यात समोरच्याचा शब्द जो तसाच्या तसा धरतो तो बुडतो. डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या सुपरमार्केटातही मी कोथिंबिरीचं पाकीट उलटं करून देठ बघते. नवरा वैतागतो. "अगं, पॅक्ड आहे ते, डेट छापलीये त्याच्यावर." मी म्हणते, छापली कोणी?

आयर्लंडला येण्याआधी मी चाकणला गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीत होते. तिथे आम्ही भिंती आडव्या ओतायचो. आधी फरशी करायची, त्या फरशीवरच साचे मांडून भिंतीचं काँक्रीट ओतायचं, ते घट्ट झालं की क्रेननं एका कडेनं उचलून भिंत उभी करायची आणि छताचं लोखंड बसेपर्यंत तिला तिरके टेकू लावून ठेवायचे. याला टिल्ट-अप म्हणतात. पोळी पोळपाटाला चिकटू नये म्हणून आपण पीठ भुरभुरतो, तसं फरशीवर आधी एक द्रावण फवारतात. फक्त ही पोळी ट्रकपेक्षा जड असते आणि हातातून सुटली तर खाली उभा असलेला माणूस उरत नाही.

चाकणच्या साहेबांनी मला सुरुवातीलाच एक गोष्ट पढवली होती. जास्तीचे दिवस कधी उघड लिहायचे नाहीत. ट्रक अडकणार, सिमेंट उशिरा येणार, गावातला कुणी पुढारी चार दिवस काम बंद पाडणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वेळापत्रकात "अडचणींसाठी" असं लिहिलं की समोरचा आधी तेच कापतो. म्हणून हे दिवस दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या पोटात सारायचे. सगळ्यात सोयीचं पोट म्हणजे क्युरिंग, ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवून घट्ट होऊ द्यायचा वेळ. काँक्रीट तयार नाही म्हटलं की कुणी हुज्जत घालत नाही. आम्हाला ही लबाडी वाटायची नाही. लपवणाऱ्याला माहीत असायचं, शोधणाऱ्याला माहीत असायचं, आणि दोघं मिळून चहा प्यायचे.

मग इकडे डब्लिनला आल्यावर मी सँडीफोर्डच्या एका छोट्या बांधकाम कंपनीत मुलाखतीला गेले. मालक पन्नाशीचा, लालबुंद चेहऱ्याचा, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "मला सरप्राइजेस आवडत नाहीत. जे काय असेल ते टेबलावर. इथे आम्ही काही लपवत नाही." हे ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली नाही. उलट मला इतकं बरं वाटलं की लुआस ट्रॅममधून परत येताना मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "इथे लोक सरळ आहेत रे." तो जेवढ्यास तेवढं बोलणारा. म्हणाला, "बघू."

तिथलं माझं पहिलं मोठं काम पार वायव्येला, डोनेगॉलमधल्या लेटरकेनीच्या बाहेरचं एक गोदाम. इथे गोदामाच्या भिंती बहुतेक कारखान्यात ओतून लॉरीनं आणतात. पण तेवढ्या मोठ्या भिंती डोनेगॉलच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवरून न्यायच्या म्हणजे नाकी नऊ. मालकाला कुणी तरी सुचवलं की जागेवरच ओता. ते काम केलेलं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतंच. मी खर्च काढला, वेळापत्रक बांधलं आणि हवामानाच्या जुन्या नोंदी काढून बसले. चाकणला वाऱ्याचा विचार कधी करावा लागला नव्हता. इथे अटलांटिकचा वारा सुटला की आमच्या परसातल्या दोरीवरची चादर ताणून आडवी होते. तर क्रेनला टांगलेल्या घराएवढ्या भिंतीचं काय होईल? ठरावीक जोराच्या वर वारा गेला की क्रेन थांबवावीच लागते, तो नियमच आहे. आणि भिंती उचलायच्या मोसमात तिकडे असे दिवस भरपूर. मग मी आयुष्यात पहिल्यांदा चाकणच्या साहेबांचं न ऐकता एक वेगळी ओळ लिहिली: वाऱ्यामुळे क्रेन थांबेल ते दिवस. उघड, तिच्या स्वतःच्या नावानं. चांगले दोन-अडीच आठवडे.

मालकानं ती ओळ पाहिली, "फेअर प्ले, शाब्बास, एकदम क्लिअर आहे," म्हणाला, आणि काढून टाकली. मला निविदा गेल्यावर कळलं. मी विचारायला गेले तर म्हणे, "त्या ओळीसकट आपल्याला काम मिळालंच नसतं. एखादा वाऱ्याचा दिवस आला तर इट'ल बी ग्रँड, होईल सगळं ठीक." या देशात "ग्रँड" शब्दावर किती भिंती उभ्या आहेत देव जाणे. मी माझ्या खुर्चीत परत येऊन बसले. राग त्याचा आला होता त्याहून जास्त माझाच आला होता. इतकी वर्षं जी गोष्ट मी डोळे मिटून केली असती, ती नेमकी इथे येऊन केली नाही, कारण एक लालबुंद माणूस सरळ बोलला.

काम मिळालं. साइटवर फोरमन होता तो तिथलाच, लेटरकेनीपासून जवळच्याच गावचा, साठीच्या आसपासचा. आमची ओळख फोनवर. माझं नाव ऐकलं की त्याचा आवाज खाली जायचा. मी काही विचारलं तर एका शब्दात उत्तर. "वेळापत्रक तूच केलंस ना?" असं त्यानं पहिल्याच फोनवर विचारलं होतं. मी हो म्हटलं. त्यावर तो नुसतं "राइट" म्हणाला होता, आणि त्या "राइट"मध्ये असं काही होतं की मी ठरवून टाकलं, हा एक तर बाईमाणसाचा द्वेष करणारा आहे, नाहीतर बाहेरच्या माणसाचा. कदाचित दोन्हीचा.

फरशी वेळेवर झाली. भिंती वेळेवर ओतल्या. आणि मग काम बसलं ते बसलंच. रोज सकाळी फोरमनचा मेसेज यायचा: काँक्रीट अजून तयार नाही. थंडी आहे, हळू धरतंय. पहिले काही दिवस मी मान डोलावली. पण ते काँक्रीट मीच निवडलं होतं, त्याची थंडीतली चाल मला पाठ होती, आणि आता माझ्या हिशेबानं ते कधीच उचलण्याजोगं झालेलं असायला हवं होतं. नमुन्याचे ठोकळे फोडून ताकद बघायला प्रयोगशाळेत पाठवतात, ते पाठवण्याचं काम फोरमनकडे. तेही तो आज-उद्यावर ढकलत होता. कुठे तरी पाणी मुरत होतं. क्रेनवाल्याशी याचं साटंलोटं असेल का? की रोजच्या रोजंदारीवर माणसं नुसती बसवून ठेवायची युक्ती? मी दोन्ही शक्यता मालकाला सांगितल्या. त्याबद्दल मला जराही संकोच वाटला नाही, हेही सांगते.

मालक म्हणाला, "तू उद्या जा. स्वतः बघ. क्रेन परवासाठी सांगून ठेवलीये. काँक्रीट तयार असेल आणि तो मला खेळवत असेल, तर मला फक्त एक फोन कर. परवा सकाळी मी तिथे दुसरा माणूस उभा करतो आणि भिंती उचलून होतात." तो माणूस कोण हे मला ठाऊक होतं. सांगितलेलं काम सांगितल्या वेळी करणारा, नाही हा शब्द तोंडात नसलेला.

ल्यूकनहून पहाटे निघाले. तिकडे रेल्वे जात नाही, म्हणून गाडीनंच. साइटवर पोचले तर गाडीचं दार उघडताच वाऱ्यानं ते हातातून ओढून नेलं. फोरमन केबिनच्या दारात उभा होता. उंच, वाकलेला, पिवळ्या जॅकेटमधला. मी हात पुढे केला, त्यानं तो जेमतेम धरला.

"तुला तपासायला पाठवलंय," तो म्हणाला.

"भिंती बघायला आलेय," मी म्हटलं.

"एकच आहे ते."

काँक्रीटवर दाबून त्याचा घट्टपणा अजमावायचं एक हातोडीसारखं उपकरण असतं, ते मी पिशवीतून नेलं होतं. फरशीवर ओळीनं भिंती पडल्या होत्या, काठ सरळ, कोपरे नीट, इतकं देखणं काम चाकणलाही मी क्वचित पाहिलं. मी गुडघ्यांवर बसून एकेका भिंतीवर उपकरण दाबत गेले. पहिल्याच आकड्याला समजलं. काँक्रीट तयार होतं, आज-कालचं नव्हे, बरेच दिवसांचं. खोटं पकडल्याचा जो एक हलकट आनंद असतो तो मला झाला. मी मान वर केली आणि फोरमनकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर वर, क्रेनच्या हुकावर होती. क्रेन आदल्या दिवशीच येऊन उभी होती आणि तिचा रिकामा हुक, एवढा जड लोखंडी हुक, घड्याळाच्या लंबकासारखा हलत होता.

तिथे गुडघ्यांवर बसल्या बसल्याच मला सगळं उमगलं. हा माणूस वाऱ्याचे दिवस लपवत होता. वारा म्हटलं असतं तर ऑफिस म्हणालं असतं, वाऱ्यासाठी वेळापत्रकात जागा नाही, उचला. करारातही नेहमीचा वारा हे उशिराचं कारण धरत नाहीत. पण काँक्रीट तयार नाही म्हटलं की कुणी हुज्जत घालत नाही. चाकणच्या साहेबांनी मला जे पढवलं होतं ते याला कुणी पढवलं असेल? की जिथे जिथे खरं लिहिलेलं कापतात तिथे तिथे माणसं आपोआप हेच शिकतात? मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण मी फोन केला की हा जाणार होता, आणि उद्या सकाळी त्या हुकाला भिंत लागणार होती. खाली टेकूंशी माणसं उभी राहणार होती.

केबिनमध्ये त्यानं चहा केला. मी बॅगेतून लाडवांचा डबा काढला. सासूबाई आल्या होत्या तेव्हाचे शेवटचे राहिलेले. त्यानं एक घेतला आणि संशयानंच हुंगला. मग मी सरळ विचारलं, "वाऱ्यासाठी थांबलात ना?"

त्यानं लाडवाचा एक तुकडा मोडला.

"काँक्रीट तयार आहे. मी बघितलं."

"मग कर फोन," तो म्हणाला. "त्याचसाठी आलीयेस. आधी ते दिवस कापलेस, आता बघायला आलीस की म्हातारा त्यांच्याशिवाय कसा निभावतो."

"मी कापले?"

"पहिल्या वेळापत्रकात वाऱ्याची ओळ होती. मला पाठवलं होतंत तुम्ही, बघायला. मी बायकोला म्हटलंसुद्धा, शेवटी कुणी तरी इथला वारा लिहिला. दुसरं आलं त्यात ओळ नाही. खाली नाव तुझंच."

इतके महिने फोनवर जो "राइट" मी ऐकत होते त्याचा अर्थ हा होता. तो राग माझ्या रंगावर नव्हता, बाईपणावर नव्हता. त्याला वाटत होतं की डब्लिनच्या ऑफिसात गरम खोलीत बसून मी त्याची माणसं भिंतीखाली उभी केली. त्याच्या जागी मीही हेच धरून चालले असते.

"ती ओळ मी लिहिली होती," मी म्हटलं. "काढली मालकानं. मला विचारलंही नाही."

त्यानं विश्वास ठेवला नाही हे दिसत होतं. "असेल," तो म्हणाला, आणि लाडू संपवला.

मी गाडीत जाऊन बसले. एक मार्ग अगदी सोपा होता. मालकाला सांगायचं, काँक्रीट खरंच कच्चं आहे, अजून आठवडा लागेल. फोरमन वाचला, माणसं वाचली, आणि चाकणला शिकलेली विद्या कामाला आली. मी फोन हातात घेऊन हे वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. पण उद्या कुणी ते ठोकळे फोडले की माझं खोटं उघडं पडणार, आणि एकदा का या साइटवरचा काँक्रीटचा आकडा खोटा ठरला की खरोखरच कच्ची भिंत असेल त्या दिवशीही कुणी ऐकणार नाही. दिवस कुठेही लपवता येतात. ताकदीशी खेळ करायचा नसतो, तेवढं चाकणमध्येही कुणी करत नव्हतं.

मी खरं सांगितलं. काँक्रीट तयार आहे, तो वाऱ्यासाठी थांबलाय, आणि त्याचं बरोबर आहे. ते दिवस मी लिहिले होते आणि तुम्ही काढलेत. आता ते परत घाला, नाहीतर उद्याच्या उचलीवर माझं नाव घालू नका. आणि काही झालं तर हे मी आधी सांगितलं होतं असं मी जो विचारेल त्याला सांगेन.

"क्रेन थांबवतो," मालक म्हणाला. "दिवस घाल परत. क्लायंटशी मी बोलतो." मग तो म्हणाला, "पण त्याला उद्यापासून यायची गरज नाही."

"का? त्याचं बरोबर होतं."

"वाऱ्याचं बरोबर होतं. काँक्रीटचं मला रोज सकाळी खोटं सांगितलं. उद्या तो म्हणाला तयार आहे, तर मी कसा विश्वास ठेवू? तू ठेवशील?"

विश्वासाबद्दल हा माणूस मला शिकवत होता, ज्यानं टेबलावर ठेवलेली ओळ गुपचूप उचलली होती! मी हे बोलले, जवळजवळ याच शब्दांत. तो शांतपणे म्हणाला, "मे बी. पण साइट माझी आहे."

केबिनमध्ये परत गेले तेव्हा फोरमनला काही सांगावं लागलं नाही, मालकाचा फोन तोवर त्याला येऊन गेला होता. तो कपाटातले आपले हातमोजे, चहाचा मग आणि रेडिओ पिशवीत भरत होता. "क्रेन थांबवली," एवढंच म्हणाला. मी सॉरी म्हटलं. "माणसं खाली नाहीत ना उद्या? मग झालं." ते तो समाधानानं म्हणाला की मला घालवून द्यायला, हे मला आजही सांगता येत नाही.

भिंती उभ्या करायचा दिवस पुढे पंधरवड्यानं आला. आभाळ स्वच्छ, गवताचं पातंही हलत नव्हतं. मालकाच्या हुकमानं मी हजर होते. आता मी त्याच्या लेखी सरळ बाई झाले होते, नोकरीही पक्की झाली होती. साइटवर तो दुसरा माणूस होता, हसतमुख, घाईचा. क्रेन सुरू व्हायला थोडा अवकाश होता तेव्हा कुंपणापलीकडे रस्त्यावर फोरमन दिसला, साध्या कोटात, हातात कुत्र्याची साखळी. मी कुंपणापाशी गेले.

"चांगला दिवस आहे," तो म्हणाला.

"हो."

"टेकूंचे वरचे बोल्ट कुणी आवळले?"

"नव्या माणसानं."

"तू बघितलेस?"

"त्यानं सांगितलं, झालेत म्हणून."

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि माझे कान गरम झाले. टेकू भिंतीला ती आडवी असतानाच जोडतात. ती उभी राहिली की वरच्या बोल्टापर्यंत हात पोचत नाही. मी परत गेले. नवा माणूस घड्याळ दाखवत होता, मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पाना मागून घेतला आणि पहिल्या भिंतीपासून शेवटच्या भिंतीपर्यंत एकेक बोल्ट स्वतः ताणून पाहिला. सगळे घट्ट होते. तरी शेवटाला पोचल्यावर मी वळून पहिली भिंत पुन्हा पाहिली. हात काळे झाले, गुडघे ओले झाले आणि क्रेनवाला वर बसून हसत होता.

मी पुन्हा कुंपणाशी गेले.

"सगळे घट्ट आहेत."

"तुझ्या हातानं बघितलेस?"

"हो. माझ्या हातानं."

"ग्रँड," तो म्हणाला. मग त्यानं कुत्र्याला हाक मारली आणि पाठ फिरवली. मला वाटलं तो निदान पहिली भिंत उठताना तरी बघेल. ती त्यानं ओतलेली, त्याच्या हातचे ते सरळ काठ. माझ्या मागे क्रेनचा आवाज वाढला, कुणीतरी सगळ्यांना मागे सरायला ओरडलं. मी त्याला हाक मारणार होते, पण काय म्हणून मारणार? तो चालत राहिला, सावकाश, एकदाही मागे न बघता.